मधल्या फळीतले दोघे

फुटबॉल मी पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा बारा वर्षांचा होतो, आणि तो हातात घ्यायचा नसतो हेही मला माहीत नव्हतं. बीडच्या स्टेडियमवर जिल्ह्यातल्या पोरांची चाचणी होती. पुण्याच्या एका क्रीडा वसतिगृहाला मुलं हवी होती. आमच्या नेकनूरच्या शाळेतले खेळाचे सर मला घेऊन गेले, कारण मी पळायचो. घरच्या शेळ्यांमागं पळून पळून मला दम लागेनासा झाला होता. चाचणीत आम्हाला पळवलं, उड्या मारायला लावल्या, उंची मोजली, वजन केलं. दुपारनंतर एका साहेबांनी यादी वाचली. धावण्याच्या जागा भरल्या होत्या, म्हणून माझ्या नावापुढं फुटबॉल लिहिलं होतं.

सर म्हणाले, "घेऊन टाक. ऱ्हानं, जेवन, शाळा सगळं तिथंच हाय."

मी घेऊन टाकलं.

यादीत माझ्या खालचं नाव धर्मापुरीच्या एका पोराचं होतं. काटकुळा, मोठ्या कानांचा, पायांत दोन वेगवेगळ्या रंगांचे मोजे. त्याला फुटबॉल चुकून मिळाला नव्हता. तो तेवढ्यासाठीच आला होता. त्याचा मामा सिकंदराबादला रेल्वेच्या वसाहतीत राहायचा, उन्हाळ्याच्या सुटीत परळीहून गाडी धरून हा तिकडं जायचा आणि तिथल्या पोरांत खेळायचा. मामानं दिलेला एक जुना बॉल त्याच्याकडं होता. गावात बरोबर खेळायला कोणी नाही, म्हणून तो जुन्या देवळाच्या पलीकडं एका पडक्या भिंतीवर एकटाच बॉल मारत बसायचा. भिंत बॉल परत देते, तेवढं त्याला पुरत होतं.

वसतिगृहात राज्यभरातली मुलं होती आणि एकाच नावाची तीन-तीन, चार-चार. त्यामुळे कोणी कोणाला नावानं हाक मारत नसे, गावानं मारत. मी नेकनूर झालो आणि तो धर्मापुरी. अजूनही मनात त्याला मी त्याच नावानं ओळखतो.

आमचे कोच कोल्हापूरचे होते. पहिल्या महिन्यातच त्यांनी आम्हा दोघांना मधल्या फळीत शेजारी-शेजारी उभं केलं. मला म्हणाले, "हे बघ नेकनूर, तू समोरच्याचा बॉल काढायचास आणि ह्याच्याकडं द्यायचास. बास. जास्त शहाणपणा करायचा न्हाई." त्याला त्यांनी काहीच सांगितलं नाही. त्याला सांगायचं कामच नव्हतं.

सहा वर्षं आम्ही असे खेळलो. मधल्या फळीतल्या खेळाडूचं काम लोकांना पटकन दिसत नाही. गोल मारणारा दिसतो, गोलकीपर दिसतो. आमचं काम म्हणजे सगळं मैदान सतत डोक्यात धरून पळत राहणं. त्याच्या डोक्यात ते आपोआप असायचं. मी मात्र मैदानाकडं बघून काही ठरवत नसे. मी त्याच्याकडं बघायचो, आणि तो काय करणार हे ओळखून पळायचो. त्यामुळे त्याच्या शरीराच्या सगळ्या खोडी मला पाठ झाल्या. त्याची एक खास वळण्याची पद्धत होती. पाठीवर माणूस असताना बॉल आला, की तो उजवीकडं झुकायचा. मागचा फसून उजवीकडं जायचा, आणि हा डाव्या पायानं बॉल डावीकडं ओढून निसटायचा. कोणालाच ते आधी कळायचं नाही, कारण कधी कधी तो खरोखरच उजवीकडं जायचा. मला कळायचं. डावीकडं वळायचं असलं, की बॉल येण्याआधी त्याच्या उजव्या हाताची मूठ मिटलेली असायची. हे त्याला स्वतःलाही माहीत नव्हतं. मी त्याला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो विचार करायला लागला असता आणि ते वळणं बिघडलं असतं.

नववीच्या उन्हाळ्यात मी त्याच्या घरी आठ दिवस राहिलो. वडील तो लहान असतानाच वारले होते. थोरल्या बहिणीचं लग्न होऊन ती अंबाजोगाईला होती. घरात माय आणि चार म्हशी. माय पहाटे धारा काढायची, दूध परळीच्या गाडीला द्यायची आणि मग आमच्यासाठी धपाटे लावायला बसायची. आम्ही खायचं थांबेपर्यंत ती तव्यापुढून उठायची नाही. एकदा तिनं मला विचारलं, "तू गोल मारतूस का रं?"

"न्हाई मावशी. मी बॉल काढून ह्याला देतो."

"मंग त्ये बी लई चांगलं काम हाय," ती म्हणाली. "कुनीतरी काडून द्यावंच लागतंय."

त्यानंतर वसतिगृहातून त्यानं घरी फोन केला, की ती दोघांचीही चौकशी करायची. माझी आई कमी बोलणारी होती, वडील त्याहून कमी. वसतिगृहातून फोन केल्यावर खोदून खोदून विचारणारं माणूस मला तिच्या रूपानं मिळालं.

एकोणिसाव्या वर्षी आम्ही वेगळे झालो. गोव्याच्या एका क्लबनं त्याला पहिल्याच ट्रायलला उचललं. मला बंगळुरूच्या एका क्लबनं घेतलं, पण तिसऱ्या ट्रायलनंतर, आणि तेही त्यांचा एक खेळाडू आजारी पडला म्हणून. दोन्ही क्लब एकाच लीगमधले, दुसऱ्या दर्जाच्या. टीव्हीवर दिसणारी ती मोठी लीग नव्हे. पण आम्ही आता व्यावसायिक खेळाडू होतो. करारावरची माझी सही बँकेतल्या सहीसारखी आली नाही, म्हणून ती पुन्हा करावी लागली.

पहिलं वर्ष मी बहुतेक बेंचवर बसून काढलं. संघात मल्याळम, मणिपुरी, कन्नड, बंगाली बोलणारी मुलं होती, आणि एक नायजेरियाचा उंच बचावपटू. हिंदी सगळ्यांची मोडकीतोडकी, माझीही. सकाळी सराव, दुपारी झोप, मग जिम. इतकं एकटं मी कधी राहिलो नव्हतो. माझा पहिला सामना म्हणजे शेवटची अकरा मिनिटं. आम्ही आधीच हरत होतो, त्यामुळे मला पाठवण्यात कोच काही गमावत नव्हते. संध्याकाळी त्याचा फोन आला. त्यानं मोबाईलवर सामना पाहिला होता.

"तीनदा बॉल लागला तुझ्या पायाला," तो म्हणाला. "दोनदा मागं दिलास. कावून बे, पुढं कुनी नव्हतं का?"

"पुढं तू नव्हतास," मी म्हणालो. तो खूप हसला. मला हसू आलं नाही, कारण ते खरं होतं.

तो मात्र तिकडं पहिल्याच हंगामात नियमित खेळायला लागला. वरच्या लीगमधले लोक त्याला बघायला येतात असं ऐकू यायचं. मला त्याचा अभिमान होता. आज इतक्या वर्षांनी लिहिताना कबूल करतो, की त्या अभिमानात दुसरंही काही मिसळलेलं होतं. सहा वर्षं मी काढलेल्या बॉलवर तो मोठा झाला, असं मला एकटं असताना वाटायचं. हे कोणाला बोललो नाही.

दुसऱ्या हंगामात माझी जागा डळमळली. करार संपत आला होता. कोचनी एकदा बाजूला घेऊन सांगितलं, की तू मेहनती आहेस, पण मेहनती मुलं मला दर वर्षी मिळतात. मी मान हलवली आणि खोलीत येऊन बराच वेळ भिंतीकडं बघत बसलो.

आणि मग त्याच्या संघाबरोबर आमचा सामना आला, आमच्याच मैदानावर. सामन्याच्या आदल्या दिवशी सकाळी संघाची बैठक झाली. पडद्यावर त्याच्या खेळाचे तुकडे दाखवले. तो वळतोय, निसटतोय, आमच्याहून चांगले खेळाडू भलतीकडंच पळत सुटलेत. कोचनी विचारलं, "याला थांबवायचं कसं?"

मी हात वर केला.

मला कोणी उठवलं नव्हतं. कोचना आम्ही एकाच जिल्ह्याचे आहोत हेही ठाऊक नव्हतं. मी उभा राहिलो आणि मोडक्या हिंदीत सांगितलं, की उजव्या हाताची मूठ बघा. मूठ मिटली की तो डावीकडं जाणार. त्यांनी व्हिडिओ मागं नेला, पुन्हा लावला. मूठ मिटली, तो डावीकडं गेला. दुसरा लावला, तिसरा लावला. खोलीत सगळे माझ्याकडं बघायला लागले. नायजेरियाच्या त्या बचावपटूनं टाळी वाजवली. कोच म्हणाले, "उद्या त्याच्यावर तू."

जागा जाण्याची भीती होती, हे खरं. पण मला ते सांगताना आनंद झाला होता, आणि ते भीतीपेक्षा वाईट आहे असं मला वाटतं.

त्याच दिवशी दुपारी त्यांचा सराव आमच्या मैदानावर होता. तो संपल्यावर तो कुंपणापाशी आला. हातात फडक्यात बांधलेलं एक गाठोडं. आधीच्या आठवड्यात तो दोन दिवस गावी जाऊन आला होता.

"मायनं तुझे येगळे बांधलेत," तो म्हणाला. "माझ्यातले देऊ नको म्हनली, तुला कमी पडतेत."

आम्ही पायरीवर बसलो. धपाटे वाळले होते तरी चव तीच होती. मी दोन खाल्ले. त्यानं बहिणीला मुलगा झाल्याचं सांगितलं. मग विचारलं, "उद्या मधी कोन खेळायलंय तुमच्याकडून?"

"मीच."

"मंग बरं हाय," तो म्हणाला. "वळकीचा मानूस हाय."

तेव्हा सांगता आलं असतं. नुसतं, तुझी मूठ मिटते, एवढं. मी तोंड पुसलं आणि उठलो.

सामना दुपारी चारला सुरू झाला. पहिला अर्धा तास तो मला जवळ येऊच देईना. बॉल आला की एकाच स्पर्शात पुढं देत होता. एकदा जाता जाता माझ्या पाठीवर थाप मारून गेला. मग त्यांच्या बचावपटूनं त्याच्याकडं एक लांब पास दिला. तो माझ्याकडं पाठ करून उभा होता. मी दोन हात मागं. बॉल गवतावरून येत होता आणि मी बॉलकडं बघतच नव्हतो. मूठ मिटली.

तो उजवीकडं झुकला. मी आधीच डावीकडं निघालो होतो, पूर्ण वेगात, कारण मला खात्री होती. अशा वेळी माणूस थोडा हात राखून जातो. समोरचा कुठं जाईल याची शंका असते, तीच दोघांनाही वाचवते. मला शंका नव्हती. मी घसरत गेलो. माझा पाय बॉलला आधी लागला. पण माझं सगळं अंग त्या वेगात त्याच्या टेकलेल्या उजव्या पायावर गेलं.

आवाज मी ऐकला. कसा होता ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही आणि इथंही सांगणार नाही.

रेफ्रीनं शिट्टी वाजवली नाही, कारण बॉल मी स्वच्छ काढला होता. तो बॉल आमच्या डाव्या बाजूच्या खेळाडूला मिळाला, त्यानं तो आत फिरवला आणि आमचा गोल झाला. आमची पोरं ओरडत पळाली. मीही उठून त्यांच्यामागं तीन-चार पावलं पळालो. मग थांबलो. तो जमिनीवर पडलेला होता. हातांनी मांडी धरून, डोळे मिटून, हळू आवाजात "माय, माय गं" म्हणत होता. मी जवळ गेलो. त्याच्या संघातल्या एकानं मला ढकलून दिलं. स्ट्रेचर आला. नेताना त्यानं डोळे उघडले, पण माझ्याकडं बघितलं की वर आकाशाकडं, ते मला सांगता येणार नाही.

उरलेला सामना मी खेळलो. चांगला खेळलो. इतका चांगला मी आधी कधी खेळलो नव्हतो. आम्ही त्या एका गोलानं जिंकलो, आणि पुढच्याच आठवड्यात माझा करार दोन वर्षांनी वाढवला.

बातमी बीडच्या पेपरात आली. सामना जिंकून देणारा नेकनूरचा सुपुत्र. धर्मापुरीच्या मुलाच्या दुखापतीबद्दल त्यात एक ओळही नव्हती. गावात बसस्टँडसमोर फ्लेक्स लागला. वर तीन पुढाऱ्यांचे मोठे फोटो, खाली कोपऱ्यात माझा, आणि "हार्दिक अभिनंदन". वडिलांनी आयुष्यात पहिल्यांदा मला स्वतःहून फोन केला. म्हणाले, "फोटू लागलाय तुझा." मग त्यांनी फोन ठेवला.

त्याच्या गुडघ्यातले दोन लिगामेंट तुटले होते. ऑपरेशन गोव्यातच झालं. मी एकदा फोन केला.

"कसा हाईस?"

"बरा हाय."

"दुखायलंय का?"

"गोळ्या देतेत."

मागं दवाखान्यातल्या कोणाचा तरी रेडिओ ऐकू येत होता. "ठिवतो," तो म्हणाला. मी माफी मागितली नाही. शब्द जुळवून बसलो होतो, पण त्या शब्दांत मूठ येत नव्हती, आणि ती टाळून मागितलेली माफी खोटी झाली असती.

हंगाम संपल्यावर मी गावी गेलो. त्याला भेटायचं ठरवून एका सकाळी नेकनूरहून अंबाजोगाईची बस धरली. तिथून धर्मापुरीची बस मिळते. स्टँडवर ती लागली, लोक चढले, मी एक पाय पायरीवर ठेवला आणि काढून घेतला. एक माणूस मागून म्हणाला, "चढा की भाऊ, वाट कावून अडवायलाव?" मी बाजूला झालो. बस निघून गेली. मी स्टँडवर उसाचा रस प्यायलो आणि उलट्या बसनं घरी आलो.

पुढचं वर्षभर त्याची बातमी इकडून तिकडून कळायची. आठ महिन्यांनी तो धावायला लागला. क्लबनं त्याला सरावाला परत घेतलं. आणि सरावातच, आजूबाजूला कोणी नसताना, साध्या वळणावर गुडघा पुन्हा गेला. क्लबनं करार वाढवला नाही. तो बावीस वर्षांचा होता.

हे कळल्यावर मात्र मी गेलो. त्या वेळी बसमध्ये चढलो.

माय गोठ्यात होती. मला बघून हातातली पाटी खाली ठेवली आणि रडायला लागली. "किती दिसानं आलास रं," म्हणाली. "सगळे इसरले त्याला. क्लबचं कुनी येत न्हाई, फोन बी येत न्हाई. तू तरी आलास." तिनं माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. हाताला शेणाचा आणि पेंडीचा वास होता.

तो घरात खाटेवर बसला होता, गुडघ्याला पट्टा. थोडा सुटलेला दिसत होता. त्यानं मला बसायला जागा केली. माय पाणी घेऊन आली आणि उंबऱ्यातच बसली.

"तू तर व्हतास ना तिथं," ती मला म्हणाली. "कोन व्हता रं त्यो? माझ्या लेकराला पाडनारा? ह्यो नाव सांगत न्हाई. म्हनतो खेळात व्हतंय. तू बघितलं असशील."

मी त्याच्याकडं बघितलं. तिला माहीत नव्हतं. इतक्या दिवसांत त्यानं तिला सांगितलंच नव्हतं.

"माय," तो म्हणाला, "चहा ठिव की त्याला."

ती उठली. मी पाणी प्यायलो.

चहानंतर आम्ही बाहेर गेलो, म्हशींच्या पाण्याच्या हौदापर्यंत. तो हळू चालत होता. हौदाच्या कठड्यावर टेकून म्हणाला, "गाडीतनं तुझा फ्लेक्स बघितला बे. गोव्याहून पुन्यावरनं येताना. ऑपरेशन करून येयलतो तवा. चांगला फोटू व्हता."

मग मी सगळं सांगितलं. मूठ, बैठक, हात वर केला ते, कुंपणापाशी गप्प राहिलो ते. तो आपल्या उजव्या हाताकडं बघत राहिला. मूठ मिटली, उघडली, पुन्हा मिटली. त्याला खरोखर माहीत नव्हतं.

"सहा वर्सं तुला म्हाईत व्हतं?"

"हो."

मी म्हणालो, "माझी जागा जात होती. तू असतास तर..." वाक्य मी पुरं केलं नाही. तो काय म्हणेल याची मला आशा होती, ते लाजिरवाणं आहे पण होती. खेळात सगळे हेच करतात, मीही केलं असतं, असं काहीतरी.

"न्हाई," तो म्हणाला. "मी न्हाई केलं असतं."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. पास चुकला की हरकत नाही म्हणायचा, तसल्या साध्या आवाजात बोलला. आणि ते खरं होतं हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. निघताना मी म्हणालो, मावशीला सांगू का. तो म्हणाला, "आजाबात न्हाई. ती तुला पोटचा मानती. तिला सगळंच गेलं असं वाटाय नगं."

मी परत बंगळुरूला गेलो. आणखी दीड वर्ष खेळलो, पण मी आधीसारखा खेळाडू राहिलो नाही. समोरचा बॉल घेऊन आला, की मी शेवटच्या क्षणी पाय आखडता घ्यायचो. मला ते कळायचंही नाही, व्हिडिओत दिसायचं. आमच्या फिजिओनं विचारलं, कुठं दुखतंय का? कुठंच दुखत नव्हतं. बॉल काढता येणं हा माझा एकमेव गुण होता, आणि तोच गेला. चोविसाव्या वर्षी क्लबनं मला सोडलं. नेकनूरच्या स्टँडवरचा फ्लेक्स तोवर कधीच उतरवला होता. त्या जागी कोणाच्या तरी वाढदिवसाचा होता.

त्या दिवसांत मी घरी बसून होतो आणि मायचा फोन यायचा. दर चार-आठ दिवसांनी. जेवतोस का, झोपतोस का, लेकरा जीवाला लावून घेऊ नको. ती मला धीर द्यायची. एकेकदा मी फोन उचलायचोच नाही. शेवटी एका दुपारी मला ते सोसेना. मी बस धरून धर्मापुरीला गेलो. तो दुधाचा टेम्पो घेऊन परळीला गेला होता, हे मला माहीत होतं. मी तीच वेळ निवडली.

माय धान्य निवडत बसली होती. मी समोर बसलो आणि म्हणालो, "मावशी, त्याला पाडणारा मीच होतो."

तिनं सूप खाली ठेवलं. मी पुढंही सगळं सांगत गेलो, थांबता येईना. तिला बैठक आणि व्हिडिओ यातलं काही कळत नव्हतं, पण जे कळायचं ते कळलं. तिनं रडण्या-ओरडण्याचं काही केलं नाही. ती म्हणाली, "मंग आता कावून सांगायलास?"

खाली सांडलेले दोन दाणे उचलून मी सुपात टाकले.

"इतके दिस बोलत व्हते मी तुज्यासंगं," ती म्हणाली. "लेकरा लेकरा करत." मग पुन्हा सूप घेतलं आणि खडे वेचायला लागली. तिनं वर पाहिलं नाही. मी उठलो, नमस्कार करायला वाकलो, तर तिनं पाय लुगड्याखाली ओढून घेतले.

संध्याकाळी त्याचा फोन आला.

"कावून केलंस बे हे?"

"मला सहन होत नव्हतं."

"तुला व्हत नव्हतं," तो म्हणाला. "तुजं तू हलकं केलंस. आन् आमच्या घरात आनून टाकलंस. ती जेवली न्हाई. म्हशीजवळ जाऊन बसलीय." मग म्हणाला, "गुडघ्याचं मी कवाच सोडून दिलतं. हे न्हाई सोडनार." फोन बंद झाला. त्यानंतर आमचं बोलणं झालेलं नाही. मी दोनदा मेसेज पाठवला, दोन्ही वेळा त्यानं वाचला.

आता मी बीडला एका शाळेत खेळ शिकवतो. माझं लग्न झालं. त्याचंही झालं, त्याला एक मुलगी आहे, हे दुसऱ्यांकडून कळलं.

गेल्या वर्षी दसऱ्याला बायकोला घेऊन नारायणगडला दर्शनाला गेलो होतो. गर्दी होती. बायको प्रसादाच्या रांगेत, मी एका खेळण्यांच्या दुकानाशी उभा. आणि चढावरून ते येताना दिसले. पुढं त्याची बायको, कडेवर मुलगी, मागं माय त्याच्या दंडाला धरून. माय खूप थकलेली दिसत होती. तो चढताना उजवा पाय किंचित बाहेर टाकत होता. माझ्यापासून दहा-बारा हातांवर माय थांबली आणि पायरीवर बसली. तो तिच्यापुढं उकिडवा बसायला गेला, पण गुडघा पुरता वाकेना. तेव्हा तो एक पाय लांब करून जमिनीवरच बसला, तिची चप्पल काढली, आतला खडा झटकला आणि पुन्हा घातली. ती काहीतरी म्हणाली आणि तो हसला.

मी दोन पावलं मागं सरकलो, टांगलेल्या फुग्यांच्या आड. माय उठली. मग ते सगळे वर गेले, आणि बायको प्रसाद घेऊन येईपर्यंत मी तिथंच उभा राहिलो.